गुंजीचं गोल गोल दार

एक होती गुंजी.
गुंजी म्हणजे उंदरी. इटुकली, पिटुकली, अंगठ्याएवढी उंदरी.
कान गोल गोल. मिश्या लांब लांब. शेपटी तर गुंजीपेक्षाही लांब!

गुंजी राहायची एका शेडमध्ये. पत्र्याच्या शेडमध्ये.
शेड कुणाची? करवतवाल्यांची.
रविवार आला की शेडचं दार उघडायचं. कर्र्र! मग एक एक करवतवाले यायचे. सगळे गल्लीतलेच. कुणी काका, कुणी मावशी.

शेडमध्ये होतं एक मशीन. मशीनला होतं करवतीचं पातं. बारीक, बारीक, सुतळीहून बारीक.
पातं जायचं खाली. पातं यायचं वर.
खिर्र खिर्र! खिर्र खिर्र!
लाकूड इकडे वळवलं, निघाली सोंड.
लाकूड तिकडे वळवलं, निघाली शेपूट.
लाकडातून हत्ती निघायचा. मासा निघायचा. उंटसुद्धा निघायचा!

एकदा लाकडातून घुबड निघालं. घुबडाला हवा डोळा. डोळ्याला हवं भोक.
खिर्र खिर्र! भोक झालं.
भोकातला गोल तुकडा खाली पडला. टुक!
गुंजीने तो उचलला. बिळाच्या तोंडाला लावला.
बसला की बरोबर!
झालं गुंजीचं दार. गोल गोल दार.

गुंजीला दार का हवं? सांगू?
पत्र्यावर एक बोका राहायचा. भुरा बोका. दिवसभर झोपायचा. संध्याकाळ झाली की उठायचा. बिळापाशी यायचा. आणि बिळात पंजा घालायचा. लांब, लांब पंजा!
पण दार लावलं की पंजा बाहेर. गुंजी आत. गुंजी झोपायची गार.

एका रविवारी काय झालं?
गुंजीने दार पुसलं. दार उन्हात ठेवलं.
वारा आला. सूं सूं सूं!
दार उभं राहिलं. दार घरंगळलं.
गडगड गडगड, गडगड गडगड!
पायरी उतरलं. अंगण ओलांडलं. आणि पाण्याच्या पाटात पडलं.
बुडुक!
"थांब! थांब!" गुंजी ओरडली.
दार कुठलं थांबतंय! दार पाण्यावर बसलं. डुगू डुगू करत निघालं. पुढे गेलं, वळणावर गेलं, दिसेनासं झालं.

गुंजीने बिळाकडे बघितलं. बिळाचं तोंड उघडं. आ वासलेलं.
आता बोका आला तर?
गुंजी गेली मशीनपाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

मशीनपाशी बसले होते केरूनाना. आठवडाभर नाना शाळेत गणित शिकवायचे. रविवारी मशीन चालवायचे. पण आज मशीन गप्प. नानांचा हात कपाळावर.
गुंजी म्हणाली,

"नाना नाना, दार द्या.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

नाना म्हणाले, "अगं गुंजे, पातं तुटलं बघ! मी उंटाचा पाय कापत होतो. मध्येच झालं कट्! कसं तुटलं, मलाच कळेना. आता कापू कशाने?"
"मग माझं दार?"
"पातं नाही, तर दार नाही!"

गुंजीला काही कळेना.
इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
मिश्या हलल्या. फुर्र फुर्र!
"मागितलं दार. म्हणे आण पातं. असं कसं? असं कसं?"
पण करते काय? निघाली गुंजी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तिकडे पत्र्यावर बोक्याने एक डोळा उघडला.

खिडकीपाशी बसली होती यमूमावशी. आठवडाभर मावशी गिरणीत पीठ दळायची. रविवारी लाकडाची जाळी कापायची. फुलाफुलांची जाळी. सगळी पाती मावशीकडेच. एका डबीत.
गुंजी म्हणाली,

"मावशी मावशी, पातं दे.
पातं नानांना. नाना देतील दार.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

मावशीच्या हातात डबी होती. मावशीचं तोंड लाल लाल झालं होतं.
"अगं बाई, झाकण बघ कसं गंजलंय! इकडे फिरवलं, उघडेना. तिकडे फिरवलं, उघडेना. इकडे उघडतं की तिकडे, मलाच कळेना. थोडं तेल सोडलं तर निघेल."
"मग पातं?"
"तेल नाही, तर पातं नाही!"

गुंजीला काही कळेना.
इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
मिश्या हलल्या. फुर्र फुर्र!
"मागितलं पातं. म्हणे आण तेल. असं कसं? असं कसं?"
पण करते काय? निघाली गुंजी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तिकडे पत्र्यावर बोक्याने दुसरा डोळा उघडला.

भिंतीपाशी उभे होते मुनीरचाचा. आठवडाभर चाचा कपडे शिवायचे. रविवारी लाकडाच्या होड्या करायचे. शिडाच्या होड्या. होडी घासायला काचपेपर चाचांकडे. मशीनला घालायला तेल चाचांकडे.
गुंजी म्हणाली,

"चाचा चाचा, तेल द्या.
तेल मावशीला. मावशी देईल पातं.
पातं नानांना. नाना देतील दार.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

चाचांनी मान वर केली. वर होती फळी. उंच फळी. फळीवर होती तेलाची बुधली.
चाचांनी टाचा उंचावल्या. हात पुरेना.
चाचांनी उडी मारली. हात पुरेना.
"गुंजीबेटा, बुधली वर कुणी ठेवली? मीच ठेवली असणार. पण ठेवली कशी? माझा हात तर पुरत नाही! मलाच कळेना. आता स्टूल पाहिजे."
"मग तेल?"
"स्टूल नाही, तर तेल नाही!"

गुंजीला काही कळेना.
इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
मिश्या हलल्या. फुर्र फुर्र!
"मागितलं तेल. म्हणे आण स्टूल. असं कसं? असं कसं?"
पण करते काय? निघाली गुंजी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तिकडे पत्र्यावर बोक्याने जांभई दिली. आ... ऽऽ... आ!

स्टूल कुठे होतं? टेबलापाशी होतं.
स्टुलावर कोण होतं? नलूताई होती.
आठवडाभर नलूताई दवाखान्यात इंजेक्शन द्यायची. टुच्! रविवारी कागदावर चित्रं काढायची. ते चित्र लाकडावर चिकटवायचं. मग रेघेवरून करवत चालवायची. चित्र नसलं तर करवत जाणार कुठे?
गुंजी म्हणाली,

"ताई ताई, स्टूल दे.
स्टूल चाचांना. चाचा देतील तेल.
तेल मावशीला. मावशी देईल पातं.
पातं नानांना. नाना देतील दार.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

ताई हलली नाही. ताई बोललीसुद्धा हळूच.
"शू! गुंजे, धक्का देऊ नकोस. मी मोर काढतेय. एकच पीस राहिलंय. आणि पेन्सिलीचं टोक मोडलं! आता हा मोर आहे की कोंबडा, मलाच कळेना. पीस काढल्याशिवाय मी उठायची नाही. मला शार्पनर आणून दे."
"मग स्टूल?"
"शार्पनर नाही, तर स्टूल नाही!"

गुंजीला काही कळेना.
इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
मिश्या हलल्या. फुर्र फुर्र!
"मागितलं स्टूल. म्हणे आण शार्पनर. असं कसं? असं कसं?"
पण करते काय? निघाली गुंजी. तुरुतुरु, तुरुतुरु.

जाता जाता गुंजी पुटपुटायला लागली.
"शार्पनर चाचांना... नाही नाही. शार्पनर मावशीला... छे छे. शार्पनर कुणाला बरं?"
गुंजी थांबली. डोकं खाजवलं. खर खर खर.
"हां! शार्पनर ताईला!"
आणि पुन्हा तुरुतुरु, तुरुतुरु.

तिकडे बोका पत्र्यावरून उतरला. धप्! भिंतीवर आला.

शेडच्या कोपऱ्यात होते दगडूमामा. केवढे मोठे मामा! हत्तीएवढे मामा. आठवडाभर मामा एसटी चालवायचे. पों पों! रविवारी ते लाकडाची कोडी करायचे. चित्राचे तुकडे करायचे आणि पुन्हा जुळवायचे. शार्पनर मामांच्या खिशात होता. शर्टाच्या वरच्या खिशात.
पण मामांच्या कडेवर होतं बाळ. मामांच्या बहिणीचं बाळ. आणि बाळ रडत होतं.
भ्यां! भ्यां! भ्यां!
गुंजी मोठ्याने म्हणाली,

"मामा मामा, शार्पनर द्या.
शार्पनर ताईला. ताई देईल स्टूल.
स्टूल चाचांना. चाचा देतील तेल.
तेल मावशीला. मावशी देईल पातं.
पातं नानांना. नाना देतील दार.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

मामा म्हणाले, "कसा देऊ गं? खिसा बघ!"
बाळाने खिसा धरला होता. घट्ट धरला होता. दोन्ही मुठींनी धरला होता.
"दूध दिलं, तरी रडतंय. फिरवून आणलं, तरी रडतंय. लाकडाचा हत्ती दिला, तो फेकून दिला. कशाला रडतंय, मलाच कळेना! बाळ हसलं ना, की मूठ सोडेल."
"मग शार्पनर?"
"हसू नाही, तर शार्पनर नाही!"

गुंजीला काही कळेना.
इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
मिश्या हलल्या. फुर्र फुर्र!
"मागितला शार्पनर. म्हणे आण हसू. असं कसं? असं कसं? हसू कुठे असतं? डबीत असतं? फळीवर असतं?"

तिकडे बोका भिंतीवरून उतरला. शेडच्या उंबऱ्यावर बसला. शेपूट हलवली. इकडे... तिकडे... इकडे... तिकडे...
गुंजीने बोक्याला बघितलं.
पळावं का? कुठे पळावं? बिळाला तर दारच नाही!

गुंजी मामांच्या पायावर चढली. सुर्र!
गुडघ्यावर चढली. सुर्र!
हातावर चढली. सुर्र!
आणि बाळासमोर उभी राहिली. एवढीशी गुंजी. एवढंसं बाळ.
गुंजी म्हणाली,

"बाळा बाळा, हसू दे.
हसू मामांना. मामा देतील शार्पनर.
शार्पनर ताईला. ताई देईल स्टूल.
स्टूल चाचांना. चाचा देतील तेल.
तेल मावशीला. मावशी देईल पातं.
पातं नानांना. नाना देतील दार.
दार लागेल बिळाला.
मग मी झोपेन गार!"

बाळ हसलं का?
नाही! बाळ आणखी रडलं.
भ्यां! भ्यां! भ्यां! भ्यां!

बोका उंबरा ओलांडून आत आला.

"ऐकू नाही आलं वाटतं," गुंजी म्हणाली. "पुन्हा सांगते. भराभर सांगते."
एक डोळा बाळाकडे. एक डोळा बोक्याकडे. आणि गुंजी बोलायला लागली,

"बाळा बाळा, तेल दे!
तेल नानांना. नाना देतील... नाना देतील स्टूल!
स्टूल डबीत! डबी ताईच्या... ताईच्या खिशात!
ताई फळीवर! फळी बिळात!
आणि मामा... मामा...
मामा डबीत!
मग... मग दार झोपेल गार!"

गुंजी गप्प झाली. आपण काय बोललो, तिलाच कळेना!
नाना गप्प. मावशी गप्प. चाचा गप्प. ताई गप्प.
बाळही गप्प!
बाळाने गुंजीकडे बघितलं. मावशीच्या डबीकडे बघितलं. एवढुशी डबी. मग मामांकडे बघितलं. एवढे मोठे मामा.
बाळाने विचार केला.
आणि बाळ बोललं, "मामा... दब्बी?"
"हो," गुंजी बिचारी म्हणाली. "मामा डबीत."
"मामा दब्बी!"
फिक्! बाळ हसलं.
खुद् खुद्! बाळ हसलं.
खिदळ खिदळ खिदळ! बाळ हसलं, हसलं आणि टाळ्या वाजवायला लागलं.
टाळ्या वाजवायच्या, तर मुठी सोडायला नकोत?
सुटला खिसा!

बाळ हसलं, मामा सुटले.
मामांनी खिशात हात घातला. "घे गं ताई!"
मामांनी दिला शार्पनर.

शार्पनर आला ताईला.
गर्र गर्र, गर्र गर्र! पेन्सिलीला टोक आलं.
सर्रकन रेघ! पीस झालं. मोर झाला. अगदी मोरच, कोंबडा नाही.
ताई टुणकन उठली. ताईने दिलं स्टूल.

स्टूल आलं चाचांना.
खरड खरड, खरड खरड! स्टूल फळीखाली गेलं.
चाचा चढले. हात पुरला. बुधली आली.
चाचांनी दिलं तेल.

तेल आलं मावशीला.
टप टप, टप टप! झाकणावर तेल पडलं.
मावशीने झाकण फिरवलं. इकडेच उघडत होतं!
फट्! डबी उघडली. मावशीने दिलं पातं.

पातं आलं नानांना.
नानांनी पातं लावलं. खालून आवळलं. वरून आवळलं. बोटाने वाजवून बघितलं.
टिंग!
"आता कापतो!" नाना म्हणाले. "दार ना? हे घे दार!"
खिर्र खिर्र! खिर्र खिर्र!
केवढं दार कापलं? भाकरीएवढं!
"नाना, हे काय?" मावशी म्हणाली. "हे उंदरीचं दार की माझ्या पिठाच्या डब्याचं झाकण?"
नानांनी दाराकडे बघितलं. गुंजीकडे बघितलं. "अरेच्चा! मी माप घेतलंच नाही!"

गुंजीच्या डोळ्यांत पाणी आलं. दार मोठं, बीळ छोटं. आणि बोका मशीनच्या खाली येऊन बसलेला!
मामा म्हणाले, "शुक शुक! जा रे!"
बोका जाईना. बोक्याने पंजा चाटला. लांब, लांब पंजा.

नलूताई म्हणाली, "थांब गुंजे, रडू नकोस."
ताईने कागद घेतला. बिळाच्या तोंडावर ठेवला. कडेकडेने पेन्सिल फिरवली. खस खस खस! कागदावर उमटला गोल. बिळाएवढा गोल.
मामांनी गोल चिकटवला लाकडावर. बाळाने वर थाप मारली. थप्!
नाना बसले मशीनपाशी. आता रेघेवरून जायचं. घाई करायची नाही. लाकूड हळूहळू फिरलं.
खिर्र... खिर्र... खिर्र...
भुसा उडाला. भुरुभुरु भुरुभुरु!
टुक! गोल तुकडा खाली पडला.
चाचांनी काचपेपर घेतला. घास घास घासलं. कड कशी झाली? गालासारखी गुळगुळीत.
मावशीने दाराला छोटं भोक पाडलं. भोकात घातली दोरी. दोरीला मारली गाठ.
"आत गेलीस की ही दोरी ओढ हं, गुंजे."
आणि नानांनी दिलं दार!

गुंजीने दार उभं केलं. गुंजीने दार ढकललं.
गडगड गडगड, गडगड गडगड!
पुढे दार. दारामागे गुंजी. गुंजीमागे बोका!
"पळ गुंजे!" नाना ओरडले.
"पळ पळ!" मावशी ओरडली.
गडगड गडगड! तुरुतुरु तुरुतुरु!
बोका वाकला. बोका दबला. बोक्याने झेप घेतली...
गुंजी बिळात शिरली. सुळ्ळकन!
गुंजीने दोरी ओढली.
ढप्!
दार लागलं.

बोक्याचं नाक आपटलं. थड्!
बोका बसला. बोक्याने भिंतीकडे बघितलं.
आत्ता इथे भोक होतं. आता भोक नाही. भोक गेलं कुठे?
बोक्याने पंजा लावला. लाकूड!
बोक्याने खोक्यामागे शोधलं. भोक नाही. स्टुलाखाली शोधलं. भोक नाही. भुशात नाक घातलं.
फूः! फूः! बोक्याला शिंक आली.
मिश्यांना भुसा, कानांना भुसा. भुरा बोका झाला पांढरा बोका!
बाळ आणखी हसलं. बोका रुसला. पाय झाडत झाडत निघून गेला.

आता मशीन थांबलं. मावशीने भुसा झाडला. चाचांनी बुधली ठेवली. फळीवर नाही हं, खालीच ठेवली. ताईने मोराची गुंडाळी केली. मामांच्या खांद्यावर बाळ झोपून गेलं. मग सगळे हळूहळू बोलायला लागले, हळूहळू चालायला लागले.
नाना बिळापाशी वाकले. कान लावला.
"काय ऐकू येतंय?" मावशीने विचारलं.
"शू!" नाना म्हणाले.
आतून आवाज येत होता. इवला इवला आवाज.
घुर्र... पीं... घुर्र... पीं...
गुंजी झोपली होती गार.

शेडचा दिवा गेला, शेडला कडी लागली.
करवतवाले गेले घरी, गोष्ट गेली त्यांच्यामागे.
आणि तू? तू ये कुशीत. डोळे मीट बघू.